विसावलेली मोटारसायकल पुन्हा जागी करताना

भारतीय कुटुंबातील मोटारसायकल सहसा एका दिवसात निवृत्त होत नाही. ती हळूहळू मागे सरते. घरधन्याची बदली दूरच्या राज्यात होते, मुलगा शिक्षणासाठी परगावी जातो, दारात चारचाकी येते, किंवा वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी जिन्याखाली नुसती उभी राहते. प्रथम तिच्यावर जुनी चादर येते, मग चादरीवर धूळ आणि धुळीवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा तर रोज धावणाऱ्या असंख्य दुचाकी एका रात्रीत जागच्या जागी थांबल्या. वापराने वस्तू झिजते हे सर्वांना ठाऊक होते. न वापरल्यानेही ती बिघडते, हे त्या काळात अनेकांना प्रथमच उमगले.

अशी गाडी पुन्हा बाहेर काढण्याचा प्रसंग बहुतेक घरांत सारखाच घडतो. चावी फिरवली जाते, पण दिवा लागत नाही. किकवर किक मारून पाय भरून येतो. भोवती जमलेल्यांपैकी कोणी ‘वायरिंग गेलं’ म्हणतो, कोणी ‘इंजिन बसलं’ म्हणतो. मग दोनपैकी एक निर्णय होतो. गाडी भंगाराच्या भावात दिली जाते; नाहीतर बॅटरी, कॉईल, सीडीआय असे एकेक सुटे भाग अंदाजाने बदलत जाऊन गाडीच्या किमतीइतका खर्च होतो. वस्तुतः कोरड्या जागी व्यवस्थित उभ्या असलेल्या गाडीत एकच मोठा बिघाड क्वचित आढळतो. आढळतात ते चार-पाच किरकोळ दोष, आणि तेही बहुधा जोडांवर. वीज जेथे एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जाते तेथे हवा, ओलावा आणि काळ मिळून एक पातळ पापुद्रा तयार करतात. तो पापुद्रा शोधणे हेच खरे काम. ते क्रमाने केले तर खर्च थोडा येतो. क्रम सोडला तर हिशेबच राहत नाही.

ठिणगीचा मार्ग

क्रम समजण्यासाठी विजेची वाट डोळ्यांपुढे हवी. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून चावीच्या स्विचकडे येते, तेथून हँडलवरील इंजिन बंद करण्याच्या स्विचमधून इग्निशन कॉईलला मिळते. कॉईलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतील प्रवाह अचानक तोडला की बारीक तारेत काही हजार व्होल्टचा दाब उसळतो. तो जाड रबरी वायरने प्लगपर्यंत जातो, प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडतो आणि ठिणगी पडते. परतीचा प्रवास गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे होतो. यालाच बोलीत अर्थिंग म्हणतात.

प्रवाह नेमक्या क्षणी तोडण्याचे काम जुन्या गाड्यांत ‘पॉइंट’ नावाची छोटी यांत्रिक कळ करते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींसाठी विकसित केलेली ही रचना पुढे कित्येक दशके जगभर चालली. मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेली बुलेट आणि म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेली येझ्दी या दोन्ही गाड्या याच तत्त्वावर धावल्या. १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानी सहकार्याने बनलेल्या हलक्या गाड्यांबरोबर सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आपल्याकडे रुळले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने आणि छोट्या संगणकाने घेतली. घरातील गाडी या तिघांपैकी कोणत्या पिढीची आहे, हे प्रथम निश्चित करावे. औषध त्यावर अवलंबून आहे.

किकला हात लावण्यापूर्वी

वर्षभर उभ्या असलेल्या गाडीला बाहेर काढताच किक मारणे किंवा शेजारच्या मोटारीच्या बॅटरीला जोडून ती सुरू करू पाहणे, दोन्ही अयोग्य. सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर एव्हाना ओघळून गेलेला असतो. प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, काही वेळाने किकच्या दांड्याने इंजिन सावकाश फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले की ‘इंजिन बसलं’ ही भीती संपते.

टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुष्कळदा ठिणगीवर आलेला आळ खरे तर इंधनाचा असतो. हवेच्या गाळणीचा डबा उघडून उंदराचे घरटे नाही ना, हेही पाहावे. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले असेल, तर उत्तम ठिणगी असूनही इंजिन श्वास घेऊ शकणार नाही.

जवळ साधा मल्टिमीटर असावा. तो नसेल तर दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्बही बरेच काम करतो; मेकॅनिक त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. कोणतीही वायर सोडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. दुपारी सोडलेल्या वायरींचे रंग संध्याकाळी आठवत नाहीत.

बॅटरी : पहिली संशयित

फ्रान्समधील गॅस्तों प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही बहुसंख्य मोटारसायकलींत आहे. तिचा स्वभाव त्या काळापासून बदललेला नाही. कोणतीही जोडणी नसतानाही तिच्यातील वीज आपोआप कमी होत जाते आणि उकाड्यात ही गळती वाढते. रिकाम्या अवस्थेत ती पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि बॅटरी पुन्हा वीज साठवू शकत नाही. उभ्या गाडीचा पहिला बळी बॅटरीच असते, ती यामुळे.

मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ आढळला तर ती भरलेली आहे. तो १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. १०.५ च्या खाली गेला असेल तर सहापैकी एखादा सेल निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. जुन्या ६ व्होल्टच्या यंत्रणेत भरलेली बॅटरी सुमारे ६.३ ते ६.४ दाखवते. अशा गाडीला चुकूनही १२ व्होल्टची बॅटरी जोडू नये. दिवे उडतील आणि कॉईल तापेल.

बॅटरी गाडीतून काढताना सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडावे. बहुतेक गाड्यांत ते ऋण टोक असते. बसवताना तेच टोक शेवटी जोडावे. या साध्या शिस्तीमुळे पाना सांगाड्याला लागून भडका उडण्याचा धोका टळतो. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पातळीच्या रेषेपर्यंत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी वा आम्ल घालू नये. बंद प्रकारची बॅटरी उघडण्याचा प्रयत्न करू नये.

चार्जिंग सावकाश करावे. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाह पुरेसा असतो, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. मोटारीसाठीचा मोठा चार्जर लहान बॅटरीला उकळवून टाकतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ काडी पेटवू नये. चार्जर काढल्यावर काही तास थांबून दाब मोजावा, कारण लगेच घेतलेला आकडा फसवा असतो. त्यानंतर मोठा दिवा वा हॉर्न लावून पुन्हा पाहावे. बटणस्टार्ट दाबल्यावर दाब १० व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर त्या बॅटरीचे आयुष्य संपले आहे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. शिसे विषारी आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनाही हेच अभिप्रेत आहे.

फ्यूज, अर्थिंग आणि स्विच

भरलेली बॅटरी बसवूनही न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नसेल, तर फ्यूज पाहावा. काचेचा फ्यूज डोळ्यांना चांगला दिसला तरी त्याच्या टोपणाखालची तार तुटलेली असू शकते, म्हणून तो मीटरवर तपासावा. पुष्कळदा फ्यूज शाबूत असतो आणि तो धरणारे पितळी चाप काळवंडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने ते घासले की वाट मोकळी होते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची युक्ती सर्वथा टाळावी. तिने फ्यूज टिकेल आणि वायरिंग जळेल. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन चापांना टेस्ट लॅम्प जोडावा आणि चावी बंद ठेवावी. दिवा प्रखर लागला तर वीज कोठेतरी परस्पर सांगाड्यात उतरते आहे. मग वायरींचा जुडगा हळूहळू हलवत जावे. ज्या ठिकाणी हात लागताच दिवा विझतो किंवा मिणमिणतो, तेथे दोष असतो. हँडलच्या मानेजवळ, जेथे वायरी प्रत्येक वळणाबरोबर वाकतात, आणि टाकीखाली, जेथे त्या दाबल्या जातात, तेथे प्रथम पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बहुधा याच आडोशाच्या जागी सापडतात. अशी वायर कापून योग्य जाडीच्या वायरीने डाग देऊन जोडावी. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापुरताच असतो.

अर्थिंगचा जोड बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. बॅटरीची एक वायर सांगाड्याला किंवा इंजिनाला एका बोल्टने कसलेली असते. बोल्टखाली गंज वा रंग असेल तर दिवे मंद लागतात, इंडिकेटर लावताच हॉर्नचा आवाज बदलतो, ठिणगी अशक्त पडते. अनेक भागांत एकाच वेळी असे विचित्र दोष दिसू लागले, तर ते सर्व भाग एकदम बिघडले असे मानण्यापूर्वी त्यांचा समान दुवा म्हणजे अर्थिंग तपासावे. बोल्ट काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट कसावा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. कोकणापासून कोरोमंडलपर्यंतच्या किनारी गावांत, जेथे हवेतच मीठ असते, तेथे हा उपाय दर पावसाळ्यानंतर करण्याजोगा आहे.

यानंतर चावीचा स्विच आणि हँडलवरील बंद करण्याचा स्विच. हा दुसरा स्विच बंद स्थितीत राहिल्यामुळे गॅरेजपर्यंत ढकलत नेलेल्या गाड्यांचे किस्से प्रत्येक मेकॅनिकच्या संग्रही असतात. दोन्ही स्विच पंधरा-वीस वेळा चालू-बंद केले की आतील पापुद्रा काही अंशी घासला जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा अधिक चांगला. नव्या गाड्यांत साइड स्टँड आणि क्लचच्या दांडीलाही स्विच असतात. त्यांतील एखादा अडकला असेल तर गाडी सुरूच होऊ देत नाही. सायकलच्या साखळीच्या तेलाने त्यांवर उपचार करू नयेत. त्यावर धूळ बसून दोष वाढतो.

ठिणगीची परीक्षा

वीज कॉईलपर्यंत पोहोचते आहे याची खात्री झाल्यावर प्लग काढून पुन्हा त्याच्या टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे आणि किक मारून पाहावे. निळसर, टचकन आवाज करणारी ठिणगी समाधानकारक समजावी. पिवळट, मलूल ठिणगी म्हणजे वाटेत अडथळा. या परीक्षेत तीन पथ्ये पाळावीत. प्लग उघड्या हाताने धरू नये. तो प्लगच्या छिद्रापासून दूर ठेवावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लग सांगाड्यापासून अधांतरी ठेवून किक मारू नये, कारण ठिणगीला वाट न मिळाल्यास सीडीआय किंवा कॉईल खराब होऊ शकते. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या कामापासून दूर राहावे.

ठिणगी नसेल तर स्वस्त भागांपासून आरंभ करावा. नवा प्लग लावून पाहावा. प्लगची टोपी वायरीवरून फिरवून काढता येते. वायरीचे टोक हिरवे पडले असेल तर ते थोडेसे कापून टोपी पुन्हा बसवावी. अनेक गाड्या येथेच सुरू होतात. तसे न झाल्यास मल्टिमीटरने कॉईल मोजावी. जाड तारेच्या वेढ्यांचा रोध काही ओहम, तर बारीक तारेच्या वेढ्यांचा हजारो ओहम असतो. नेमके आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. मीटरने अनंत दाखवले तर आतील तार तुटली आहे आणि कॉईल बदलणेच इष्ट.

पॉइंट आणि बुलेटचा काटा

पॉइंट असलेल्या गाडीत दीर्घ विश्रांतीनंतरचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे पॉइंटच्या दोन टिकल्यांवर चढलेला पापुद्रा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला अडवतो. टिकल्यांमधून बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा ओढावा, मग स्वच्छ कोरा कागद ओढून कण काढून घ्यावेत. बुलेटच्या पॉइंटमधील कमाल फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी लागते. ती फिलर गेजने मोजावी, कारण फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर बसवलेला अँमीटर अनेकांना केवळ शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात तो निदानाचे उत्तम साधन आहे. चावी चालू करून, डीकॉम्प्रेशनची दांडी ओढून किक सावकाश दाबत न्यावी. पॉइंट मिटलेले असताना कॉईल वीज घेते आणि काटा उणे बाजूला झुकतो; पॉइंट उघडताच तो मध्यावर परततो. जुने चालक याच खुणेवरून पिस्टनची जागा ओळखून एका किकमध्ये गाडी सुरू करीत. दीर्घकाळ उभ्या असलेल्या बुलेटचा काटा इंजिन फिरवूनही मध्यावरून हलतच नसेल, तर वीज कॉईलपर्यंत येत नाही किंवा पॉइंट अस्वच्छ आहेत. तो उणे बाजूलाच थोडासा झुकून स्थिर राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांचा विजेला अडवणारा वॉशर फुटला आहे किंवा कंडेन्सर आतून जुळला आहे. चावी फिरवताच काटा एकदम उणे टोकाला आपटला, तर चावी तत्काळ बंद करावी. ते शॉर्टसर्किट असते. पाना न लावता एवढे निदान करून देणारे दुसरे साधन या गाडीत नाही.

कंडेन्सर हा बोटभर डबा पॉइंटवरील अनावश्यक ठिणगी शोषून घेतो. तो अशक्त झाला की पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी दिसते, प्लगवरची क्षीण होते, आणि गार इंजिन सुरू होऊन तापताच बंद पडते. हा स्वस्त भाग शंका येताच बदलण्यास हरकत नाही. काम संपल्यावर चावी चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेल्या स्थितीत राहिले तर बॅटरी रिकामी होते आणि कॉईल तापत राहते.

सीडीआय आणि इंजेक्शनच्या गाड्या

सीडीआयच्या गाडीत घासावयास पॉइंट नसतात. त्यांचे काम पल्सर कॉईल नावाची छोटी चुंबकीय कॉईल करते. अनेक साध्या १०० सीसी गाड्यांत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटोतून येते. त्यामुळे बॅटरी मृत असली तरी किकवर गाडी सुरू होऊ शकते. अशा गाडीत दिवे नाहीत म्हणून ठिणगीही नसेल, असे अनुमान काढू नये. ठिणगी खरोखरच नसेल, तर सीडीआयच्या डबीचा जोड काढून त्याच्या पिना पाहाव्यात, हिरवट क्षार साफ करावा आणि बंद करण्याच्या स्विचकडून येणारी वायर कोठे सांगाड्याला चिकटली नाही ना, हे तपासावे. मग मॅग्नेटो आणि पल्सर कॉईलचा रोध मोजून पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावा. सीडीआयची डबी साध्या मीटरने तपासता येत नाही. त्याच मॉडेलच्या चालू गाडीची डबी क्षणभर लावून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. नवी डबी विकत घेणे ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच टाकीतील पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू येतो. तो ऐकू आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि बॅटरी पाहावी. या पिढीतील गाड्या बॅटरीवर पूर्णतः अवलंबून असतात. पंप आणि संगणक जागे झाल्याखेरीज धक्का मारून काही साधत नाही. दाब कमी असला की संगणक खोटे दोषही नोंदवतो. म्हणून इंजिनाच्या चिन्हाचा दिवा पाहून महाग भाग मागवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून पुन्हा तपासणी करावी. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय तर येथे कटाक्षाने टाळावी. त्या झटक्याने संगणक निकामी होऊ शकतो.

सुरू झाली, तरी एक तपासणी बाकी

इंजिन धडधडू लागले की आनंदाच्या भरात शेवटची पायरी राहून जाते. ती म्हणजे गाडी बॅटरीला परत वीज देते का, हे पाहणे. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. आकडा हलत नसेल तर मॅग्नेटोकडून येणाऱ्या वायरी वा रेक्टिफायर दोषी आहे. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला असून नवी बॅटरी आणि बल्ब दोन्ही लवकरच जातील. ही तपासणी न करता बसवलेली नवी बॅटरी दोन आठवड्यांत रिकामी होते आणि दोष विनाकारण विक्रेत्याला दिला जातो.

कागदपत्रांचीही तपासणी हवी

गाडी सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आणण्यास पात्र झाली असे नव्हे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते, पुढे तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत तो पाच वर्षांसाठी घ्यावा लागतो, आणि तो संपल्याचे उभ्या गाडीच्या मालकाच्या पुष्कळदा लक्षातच येत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास साठलेला नो क्लेम बोनस हातचा जातो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही ताजे हवे. तोवर चाचणी आवारातच घ्यावी.

कर्जाने घेतलेल्या गाडीचे हप्ते कधीच फिटलेले असतात, पण नोंदणी पुस्तिकेवर बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ यांच्या आधारे तो उतरवून घ्यावा. मूळ मालक हयात नसल्यास वारसाने फॉर्म ३१ द्वारे गाडी स्वतःच्या नावे करून घ्यावी. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. वडिलांची गाडी जिन्याखाली उभी असताना ही मुदत निघून जाते, आणि पुढे विक्री वा विम्याचा दावा करताना अडचण येते. बदलीसोबत गाडी परराज्यात आणून बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली असेल तर तेथील नोंदणीचाही विचार करावा लागतो. विजेच्या वाटेत एक जोड तुटला तरी ठिणगी पडत नाही. मालकीच्या कागदपत्रांचेही तसेच आहे.

पुन्हा विसावा देताना

पुढील बदली वा प्रवासापूर्वी अर्धा तास दिला तर हा सारा खटाटोप टळू शकतो. बॅटरी पूर्ण भरून, काढून, थंड कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्ज करावी. कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून इंजिन दोन-चारदा फिरवावे. जोडांवर व्हॅसलीन लावावे, सायलेन्सरच्या तोंडावर कापड बांधावे आणि ते बांधल्याची चिठ्ठी हँडलला अडकवावी. गाडी मेन स्टँडवर उभी करावी आणि प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाकावी; प्लास्टिकखाली ओल कोंडते. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे इंजिन चालवण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी हितकारक नाही. तेवढ्या वेळात बॅटरीतून गेलेली वीज परत भरत नाही आणि गार इंजिनात पाणी साचते. चालवावयाचीच तर गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी.

दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केलेले बचत खाते निष्क्रिय ठरते, हे बँकेच्या ग्राहकांना परिचित आहे. त्या खात्यातील रक्कम जात नाही. ओळखीची कागदपत्रे पुन्हा सादर केली की खाते पूर्ववत चालू होते. जिन्याखालच्या मोटारसायकलीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक रविवार, एक मीटर आणि थोडा पॉलिश पेपर एवढी गुंतवणूक करून पाहावी. वडिलांच्या हाताची खूण असलेली ती किक पुन्हा दाद देईल, अशी शक्यता बरीच मोठी आहे.